घाटातला हात

डेपो मॅनेजरांनी स्क्रीन घोगळे ड्रायव्हरांपुढे सरकवला. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, घाटात, त्यांचा उजवा हात दोन सेकंद स्टिअरिंगवरून सुटला होता. स्टिअरिंगनेच तशी तक्रार नोंदवली होती आणि तीन दिवसांचं निलंबनही ठरवलं होतं.

"साहेब, मागच्या वळणावर दरड कोसळत होती. समोरून काझीभाई बस घेऊन येत होते. मी खिडकीतून हात दाखवला म्हणून ते थांबले. चव्वेचाळीस माणसं होती आत."

"काझींनाही नोटीस आहे. विनाकारण ब्रेक."

"विनाकारण?"

"गाडी कशावर आदळली नाही ना. आदळली असती, तर कारण आपोआप नोंदलं गेलं असतं."

घोगळे ताडकन उठले. "म्हणजे माणसं मेली असती, तरच आमचं खरं ठरलं असतं."

मॅनेजरांनी निलंबनाचा कागद सहीसाठी पुढे केला.

चौथ्या दिवशी त्याच घाटात काझीभाईंची बस समोरून आली. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, पण डोळे भीतीने विस्फारलेले होते.

घोगळेंनी पुढचं वळण दिसण्याआधीच करकचून ब्रेक दाबला. स्टिअरिंगने लगेच नोंद केली: विनाकारण.