शेजारची पेटी

पाच नंबरची पेटी जागेवरच होती. फडताळ पुसायला मागच्या खोलीत आलेला गेन्शू तिच्याकडे बघतच राहिला, कारण या घटकेला ती तिथे असायलाच नको होती. पुढे पहिल्या खोलीत तोकुनागा आजी तिच्यासमोर हात जोडून बसल्या होत्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

नागोयातल्या त्या देवळात अस्थी अशाच ठेवतात. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या पेट्यांची रांग मागे, भेटायच्या खोल्या पुढे. घरच्यांनी कार्ड लावलं की पट्टा फिरतो, पेटी काचेमागे येऊन थांबते आणि पडद्यावर माणसाचा फोटो लागतो. आजींसमोर फोटो आजोबांचाच होता. पेटी मात्र सहा नंबरची गेली होती. रांगेत रिकामी जागा तिचीच होती.

हे सगळं गेन्शूचंच कर्तृत्व. यंत्रवाल्या कंपनीने गाशा गुंडाळला, जुना प्रोग्राम बंद पडला, तेव्हा देवळाच्या थोरल्या महाराजांचा हा घरजावई नवशिक्यांचं पुस्तक घेऊन बसला होता. अ‍ॅरे म्हणजे एका रांगेतले खण, हे त्याला छान समजलं होतं. कॉम्प्युटर पहिल्या खणाला शून्य म्हणतो, हेही. म्हणजे कार्डावरच्या नंबरातून एक वजा करायचा, की झालं. एक, दोन आणि तीन नंबरच्या पेट्या त्याने मागवून बघितल्या. तिन्ही बरोबर आल्या. मग हिगानचा आठवडा लागला, पितरांना भेटायला माणसं यायला लागली, आणि त्याने बिनधास्त आपला प्रोग्राम चालू केला.

चार नंबर त्याने मागवून बघितला नाही, कारण चार नंबर नव्हताच. चार हा मरणाचा आकडा, जपानीत दोन्हींचा उच्चार एकच. दवाखान्यात खोलीला देत नाहीत, हॉटेलात देत नाहीत. मेलेल्यांच्या रांगेतसुद्धा तो टाळायचा, आता याला काय म्हणावं. तीननंतर थेट पाच. माणसांनी एक आकडा गाळला, कॉम्प्युटरने काही गाळला नाही. पाच नंबरची पेटी होती चौथ्या खणात, आणि तो पाठवत होता पाचव्या खणातली. तीनच्या पुढचा जो तो शेजाऱ्याला भेटून घरी जात होता.

गेन्शू धावत सासऱ्यांकडे गेला. थोरल्या महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की संध्याकाळी दारं लावल्यावर दुरुस्त कर आणि तोंडाला कुलूप लाव. ही गोष्ट बाहेर गेली तर उद्यापासून इथे कुत्रंही फिरकणार नाही. तो मान खाली घालून परतला, तेवढ्यात पहिल्या खोलीचं दार सरकलं.

आजींच्या हातात कपड्यांची पिशवी होती. देवळातून त्या तडक दवाखान्यात भरती व्हायला निघाल्या होत्या. उद्या हृदयाचं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही, असं त्यांनीच आल्या आल्या सांगितलं होतं. चेहरा मात्र हलका झाला होता.

“बोलले बाई एकदाची,” त्या म्हणाल्या. “हे होते तेव्हा कधी जमलं नाही. आज सगळं सांगून टाकलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, धाकटे महाराज.”

गेन्शूने मान हलवली. गप्प बसायचं ठरलं होतं. आजी दारापर्यंत गेल्या, बूट घालायला वाकल्या, आणि त्याला ते बघवेना. तो त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ टेकून बसला.

“आजी, आत आजोबा नव्हते. माझी चूक झाली. ती दुसऱ्याच कुणाची पेटी होती.”

आजी भिंतीला धरून सरळ झाल्या. मग पुन्हा आत जाऊन बसल्या.

गेन्शू मागे पळाला. सहा नंबर जागेवर परत आली होती. त्याने कॉम्प्युटरवर चार दाबला. त्या देवळात आजवर कुणी दाबला नव्हता तो नंबर. पट्टा हलला, पाच नंबरची पेटी निघाली आणि काचेमागे जाऊन थांबली. पडद्यावर फोटो लागला नाही, चार नंबरला कुणाचा नव्हताच. आजोबा मात्र या वेळी खरेच आले होते.

आजींनी हात जोडले. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्यांना दवाखान्यात न्यायला आलेला टॅक्सीवाला दारात येऊन अदबीने खाकरला.

“येत नाहीये हो,” त्या म्हणाल्या. “जन्मभर गिळलं होतं. एकदाच वर आलं. आता पुन्हा नाही येत.”

आणि त्या रडायला लागल्या. सासरे म्हणत होते तेच बरोबर होतं, असं गेन्शूला वाटलं. निदान हलक्या मनाने गेल्या असत्या. आपण एकाच बाईचा दोनदा घात केला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आजींनी डोळे पुसले.

“ते दुसरे कोण होते?”

“शेजारचे. सहा नंबर. त्यांना भेटायला कुणी येत नाही.”

“दोघं जवळजवळ असतात का आत?”

“अगदी खेटून, आजी.”

“मग त्यांनाच सांगा,” आजी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “म्हणावं, मघाशी ऐकलंत तेवढं आमच्या ह्यांच्या कानावर घाला.” आजोबांसाठी आणलेला ओहागीचा, लाल पुरणात घोळवलेल्या भाताच्या गोळ्यांचा, डबा त्यांनी गेन्शूच्या हातात दिला. “आणि हे त्यांच्यापुढे ठेवा. फुकट कशाला काम सांगायचं.”

टॅक्सी गेली. प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, बाकीच्या खोल्यांत माणसं बसली होती, सासऱ्यांना तोंड दाखवायचं होतं. गेन्शू आधी सहा नंबरच्या पेटीसमोर गुडघे टेकून बसला. डबा उघडून पुढे ठेवला, हात जोडले, निरोप द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच अडला.

“सांगा त्यांना,” एवढंच तो म्हणाला. काय सांगायचं, ते त्या पेटीलाच ठाऊक होतं.