शेवटचं युगुल

त्या जातीचे जगात दोनच पक्षी उरले होते. दोघं जाळीआड एकाच घरट्यावर आळीपाळीनं बसत होते, आणि त्यांची देखभाल करणारी संशोधक बाहेर रंगारीकाकांकडून 'शेवटचं युगुल' अशी पाटी लिहून घेत होती.

"युगुल म्हणजे प्रेमात पडलेलेच ना, ताई?"

"मुळात युग म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, काका. एका जुवाला मान दिलेले दोन जीव."

"म्हणजे आमच्या घरचंच सांगताय. फक्त ओढतो मी आणि हाकते ती."

ती हसत होती तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून दोघांचं रक्त तपासायला दिलं होतं. तसं ते नावापुरतंच. घरटं झालं, अंडी झाली, आता शंका कसली, असं सगळेच धरून चालले होते. फोन ठेवून ती काकांकडे वळली.

"काका, युगुल पुसून टाका. दोन्ही माद्या आहेत."

"मग ही अंडी?"

"कोंबडा नसला म्हणून कोंबडी अंडी घालायची थांबते का? फक्त पिल्लू निघत नाही."

काकांनी चिंधीनं ओला रंग पुसला. "मग काय लिहू?"

"दोन पक्षी, एवढंच."

काकांनी जाळीतून आत पाहिलं. मग त्यांनी ब्रश धुऊन ठेवला आणि पिशवीतून खडू काढला.

"खडूनंच लिहितो, ताई. पुढच्या वेळी आकडा तुमचा तुम्हालाच बदलता येईल."