ललिताची उचकी

कारगिलच्या लढाईत सुदाम कामी आला. वर्षाने घरच्यांनी त्याच्या बायकोचा, ललिताचा, धाकट्या भावाशी, धनराजशी, पाट लावला.

तेव्हापासून विंचूरच्या त्या घरात ताटावर बसलं, की ललिताला उचकी लागे. कोण आठवण काढतंय म्हणून धनराज तिच्या माहेरच्यांचं एकेक नाव घेई. उचकी थांबत नसे. शेवटी दातओठ खाऊन तो "सुदाम" म्हणे, आणि ती थांबे.

"दिवसभर मार्केटात मी तुझीच आठवण काढतो. तवा नाय लागत उचकी?"

"नाय."

आज पहिल्याच घासाला धनराजला उचकी लागली. जित्या माणसांची सगळी नावं घेऊन झाली. थोरल्याचं तेवढं तो घेईना.

ललिताने शांतपणे तिसरं ताट वाढलं.

"घ्या की त्यांचं नाव," ती म्हणाली, "भाऊजी."