नऊ नंबरचा ब्रेक

"सांग गो बाय, समोरसून येता त्या गाडीचो नंबर काय?"

श्रुतिका सहा वर्षांची असताना तिचे वडील, आप्पा, असं विचारायचे. तिने आकडे वाचले की खूश व्हायचे. हा खेळ अजून चालू होता. कालच दहिसर नाक्यावर, दिवेलागणीला, त्यांनी विचारलं आणि तिने हसत वाचून दाखवलं.

दोघं आता एकाच बस डेपोत होती. आप्पा नऊ नंबरची बस चालवायचे. श्रुतिकाच्या संगणकात डेपोच्या बेचाळीस बस खोट्याखोट्या धावायच्या, झिजायच्या, बिघडायच्या. अख्खं वर्ष दोन मिनिटांत. त्यावरून कुठली बस कधी गॅरेजला घ्यायची, ते ठरायचं.

फक्त नऊ नंबर त्यात बसेना. संगणक म्हणे, ठणठणीत. भिकाजी मेस्त्री म्हणे, ब्रेक लागत नाही. तेही नेमकं आप्पांची संध्याकाळची पाळी असली की. डेपोची रीत अशी, की ड्रायव्हरने दुसऱ्याच्या बसला हात लावायचा नाही. बस गॅरेजात, तर ड्रायव्हर घरी.

मालक प्रीतमशेठ परवाच म्हणाले होते, "सारखी बिघडते ना? विकून टाकू. एक ड्रायव्हरही कमी होईल."

आप्पांची नोकरी जाणार होती. आणि घालवणारा कोण, तर त्यांच्याच वाडीतला भिकाजी!

आज पावणेसातला त्याचा तक्रारीचा कागद पुन्हा आला. श्रुतिका तो घेऊनच गॅरेजात शिरली.

"काका, मागच्या वेळी काढलेले ब्रेकचे लायनर दाखवा."

"भंगारात टाकले."

"भंगार बघून आले मी. नऊ नंबरचं त्यात काही नाही."

भिकाजी हात पुसत राहिला.

"आप्पांशी वाकडं काय तुमचं?"

"त्यालाच विचार."

"विचारलं. 'भिकाजीक कायव बोलू नको' म्हणतात. भोळे आहेत बिचारे."

"मग नको बोलू."

श्रुतिकाने कागद टराटरा फाडला. "ब्रेक दुपारीच दुसऱ्या मेस्त्रीकडून तपासून घेतले मी. झकास आहेत. बस सोडली. आप्पा उगाच काच पुसत बसले होते, मीच म्हटलं, निघा. क्लासची पोरं घ्यायला आत्ताच गेटबाहेर पडले."

भिकाजीच्या हातातला पाना पडला. तो गेटापर्यंत धावला. हायवेवर दिवे लागले होते. बसचा मागचा लाल दिवा वळणाआड गेला.

"फोन लाव त्याला. उभी करूक सांग!"

"का? ब्रेक तर..."

"ब्रेक कधीच बिघाडले नव्हते गो. काळोख पडलो की तुझ्या बापाशीक दिसणा नाय."