पाहुण्यांची चटई

प्रशांत महासागरातल्या किरिबाती या बेटांच्या देशाच्या राजधानीतून बौरो सहा वेळा संसदेवर निवडून आला, मंत्रीही झाला. "माझं बेट बुडतंय हो!" असं जगभरच्या परिषदांतून घसा कोरडा करून सांगताना त्या बेटावर यायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही. यंदा निवडणूक हरला आणि होडीने थेट गावी उतरला.

गावच्या सभाघरात प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. वडील ज्या खांबाला टेकून बसायचे तिथे तो टेकतोय, तोच धाकटा भाऊ कबुरे लगबगीने आला.

"अहो साहेब, तिथे कुठे? उठा, उठा! तुमच्यासाठी पाहुण्यांची नवी चटई घातलीय."

"अरे, साहेब काय? दादा म्हण की."

"म्हणेन हो साहेब, आधी नीट बसा तरी!"

डोक्यावर फुलं चढली, पहिलं शहाळं त्याच्याच हातात आलं. मग रिवाजाप्रमाणे पाहुण्याने उभं राहून आपलं नाव-गाव सांगायचं होतं.



बौरोने नाव सांगितलं. जगभर सांगितलेलं गाव मात्र इथे सांगायला त्याची जीभ उचलेना.