कमी चाललेली गाडी

कुणाला खरं वाटायचं नाही, पण माझी डिझेल गाडी इतक्या वर्षांत जेवढी चालली, त्याहून जास्त आमचं मांजर चालत असेल!

गाडी विकत घ्यायला आलेल्या मास्तरांना मी हेच ऐकवलं. त्यांनी बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं, मागच्या सीटवरचं न काढलेलं प्लास्टिक चाचपलं. "काका, डिझेल गाडीला अधूनमधून लांब पळवावं लागतं, नाहीतर इंजिन कुरकुरतं. तुम्ही ही दारात उभी का ठेवलीत?"

सीट मळतील म्हणून, असं कोण सांगणार? मी थाप ठोकली. "बायकोपायी हो! तिला गाडी लागते. नुसता हॉर्न ऐकला तरी मळमळतं. लग्न झालं तेव्हा माहेराहून इथवर पायी आली, डोंगर ओलांडून! मग एकट्यानं फिरण्यात काय गंमत?"

मास्तर पोट धरून हसले. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं, काकू!" तेव्हा कुठे मला कळलं की ही चहा घेऊन मागेच उभी आहे.

"यांचं काही ऐकू नका," तिनं कप त्यांच्या हातात दिला. मी फडकं उचलून स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागलो.

"माझी ताई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी रोज दोन बस बदलून तिच्याकडे जायचे. ती गेली त्या दिवशीही बसमध्ये उभ्यानंच गेले. मला कधी गाडी लागली नाही, मास्तर."