काळं तेल

हॅम्बर्गच्या कंपनीत वीब्के अंतराळयुद्धाच्या गेममधली माणसं पुसून त्यांच्या जागी रोबो रंगवत होती. रक्त दिसलं की परीक्षण समिती तो गेम मुलांसाठी मंजूर करत नसे, म्हणून रक्ताचं काळं तेल करायचं. मरणाऱ्या सैनिकांच्या अंगावर ती एकेक करून पत्रा चढवत होती.

"अगं, आवाज जुनेच ठेवलेस? 'आई, वाचव' म्हणून ओरडतायत!" तिचा वरिष्ठ टॉर्बेन म्हणाला.

"मुद्दाम ठेवलेत. ते ऐकून तरी कुणाला किळस येईल, आणि हे थांबेल."

"वेडी आहेस का? आता डबे आहेत ते, नुसते डबे!"

आठवड्याभरात समितीचा निरोप आला.



'बारा वर्षांवरील मुलांसाठी मंजूर. किंकाळ्यांना हरकत नाही. यंत्रांना आई नसते.'